वहीत नसलेला हात

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मिलीमीटरबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे मिलीमीटरबाई. तिला हे ठाऊक होतं आणि ते तिला आवडायचंही, त्यामुळे पाठीमागे म्हणणाऱ्यांची निम्मी मजा गेली होती. कारखाना म्हणजे तरी काय, गोदामावरच्या तीन खोल्या. एकीत प्लॅस्टरची धूळ, दुसरीत सिलिकॉनचा वास, तिसरीत संगणक, त्रिमितीय स्कॅनर आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले नमुन्याचे हात. नवा माणूस त्या खोलीत शिरला की आधी दचकायचा आणि मग उगाच हसायचा.

माप घेणं हे तिचं काम. ते ती शिकली मामाकडून. आईबाप लवकर गेले आणि शिंपीकाम करणाऱ्या मामानं तिला घरी आणली. आठ वर्षांची असल्यापासून ती दुकानात स्टुलावर बसून मापं लिहून घ्यायची. मामा गळ्यातली टेप काढून ओरडायचा, "छाती अडतीस! बाही साडेतेवीस!" एकदा तिनं साडेतेवीसच्या जागी तेवीस लिहिलं. मामा म्हणाला, "गिऱ्हाईक हात वर करेल तेव्हा मनगट उघडं पडेल, आणि नाव माझं घेईल. तू नामानिराळी." तेव्हापासून बाईंच्या हातून अर्धा इंच कुणाचा गेला नाही. 

मामाचा दुसरा नियम असा, की कच्चं काही वहीत लिहायचं नाही. आधी कापडावर खडूनं आखायचं, गिऱ्हाइकाला घालून बघायचं, सगळं जुळलं की मग शाईनं वहीत. "वही म्हणजे पक्क्याचं घर," तो म्हणायचा. हा नियम बाईंनी कारखान्यात जसाच्या तसा लावला, आणि सगळ्यांचा त्यावरून जीव खाल्ला.

कारण कारखान्यातही एक वही होती. तिचं खरं नाव व्हर्जन कंट्रोल, पण एवढं लांब कोण म्हणतो? सगळे वहीच म्हणत. संगणकात बसलेला तो एक प्रोग्राम होता. आपण काम करावं, मग वहीला सांगावं की ही फाइल तुझ्या ताब्यात घे. एकदा घेतली की ती जन्मभर सोडणार नाही. उद्या तुम्ही फाइल बिघडवा, पुसा, काहीही करा, मागच्या मंगळवारची मागा, मागच्या मंगळवारची हातात. पण जी फाइल तिच्या ताब्यात दिलीच नाही तिच्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. मागच्या मंगळवारची अवस्था आणली तरी ती बिननोंदीची फाइल आपली तिथेच पडलेली. मागे जात नाही, पुढे जात नाही, आणि कुणी पुसली तर तिच्यासाठी रडायलाही कुणी नाही.

मामाच्या उजव्या मनगटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, हात काढावा लागेल, मनगटाच्या वरून. मामा नाही म्हणाला. तीन आठवडे नाहीच म्हणत राहिला. मामी रडून थकली. गाठ काही थांबणार नव्हती.

शेवटी बाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या. "मामा, तुझा हात मी बनवीन."

"तो हलणार आहे का? कात्री धरणार आहे?"

"नाही. खोटं कशाला सांगू."

"मग काय करायचाय? फळीवर मांडायला?"

"पण तो तुझाच असेल. तसाच्या तसा. नखं, सुरकुत्या, सगळं."

मामा बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्यावर कात्रीच्या कडीचा घट्टा होता, गोटीएवढा. मधल्या बोटावर सुई ढकलायचं अंगुस्तान चाळीस वर्षं चढवून ते बोट टोकाशी वाकलं होतं. "मला रोज सकाळी उठून दुसऱ्याचा हात बघायचा नाही," तो म्हणाला. "माझा देणार असशील तर हो म्हणतो. शब्द दे."

बाईंनी शब्द दिला. मिलीमीटरचा शब्द.

सोमवारी तो कारखान्यात आला. बाईंनी स्कॅनर हाताभोवती फिरवला, वरून, खालून, बोटं फाकवून, मूठ वळून. मामाची चेष्टा चालूच. "शिवणीला थोडं जास्त ठेव हो. पुढं अंगानं भरलो तर उसवता आलं पाहिजे." जाताना त्यानं त्या हातानं तिच्या डोक्यावर टपली मारली. बुधवारी शस्त्रक्रिया झाली.

स्कॅन चांगला आला होता, पण कच्चा. बोटांच्या बेचक्यांत प्रकाश पोचत नाही, तिथे भोकं राहतात. ती हातानं बुजवावी लागतात. फाइलचं नावही स्कॅनरनं दिलेलं, नुसता आकडा. भोकं बुजवू, नाव देऊ, मग वहीत घालू, असं बाईंनी ठरवलं. तोच त्यांचा नियम. दुसऱ्या कुणी कच्चा स्कॅन वहीत घातला असता तर बाईंनी त्याला उभा सोलला असता.

गुरुवारी सकाळी साचे काढणारा प्रोग्राम बिघडला. तीन गिऱ्हाइकांच्या हातांचे साचे त्या दिवशी पाठवायचे होते, आणि पडद्यावर तिन्हींचे अंगठे उलटे वळलेले. संगणक बघणारा गृहस्थ धावत आला. त्याला सगळे जावईबापू म्हणत, कारण चहा हातात आल्याशिवाय तो खुर्चीवरून हलत नसे. त्या दिवशी मात्र चहा न मागता बसला.

"परवा मी सेटिंग बदललं होतं," तो म्हणाला. "मागच्या शुक्रवारचं आणतो वहीतून. चुटकीसरशी."

आणलं. अंगठे उलटेच.

"असं कसं? शुक्रवारी तर सरळ होते!"

तासभर डोकं खाजवल्यावर त्याला कळलं. सेटिंगची एक फाइल प्रोग्रामनं स्वतःच तयार करून फोल्डरमध्ये टाकली होती, आणि ती वहीत नव्हती. वही शुक्रवारवर गेली, ही मात्र तिथेच ठाण मांडून बसली आणि जुन्या प्रोग्रामलाही बिघडवत राहिली. 

"पण कुठली ते कळत नाही. इथे बिननोंदीच्या शंभरावर फाइली पडल्यात," जावईबापू म्हणाला. "एक आज्ञा आहे. वहीत नसलेलं सगळं झाडून काढते. पण बाई, ते कचरापेटीत जात नाही, थेट जातं. आधी यादी दाखवतो, बघून घ्या."

यादी पडद्यावर सरकली. आकडे, आकडे, आणखी आकडे. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. पंचवीस वर्षं केसाएवढ्या फरकावरून भांडणाऱ्या बाईनं ती यादी वाचली नाही. वरच्या दहा ओळी बघितल्या आणि म्हणाली, "कचरा आहे सगळा. पक्कं काम वहीत असतंच. झाड."

त्यानं झाडलं. अंगठे सरळ झाले. तिघांचे साचे दुपारभर निघत राहिले आणि गाडी वेळेत गेली. बाईंनी जावईबापूला स्वतः चहा करून दिला. सुक्याबरोबर ओलं जळून गेलं होतं आणि दोघं चहा पीत बसली होती.

शुक्रवारी दहा वाजता बाई मामाच्या हाताची भोकं बुजवायला बसल्या. फोल्डर उघडला. फाइल नव्हती.

आधी वाटलं, दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल. मग वाटलं, आकडा चुकला असेल. मग आदल्या दिवशीची यादी डोळ्यांपुढे सरकायला लागली. त्यांनी वहीला सोमवार मागितला. सोमवार आला. मंगळवार मागितला, तोही आला, बुधवारही आला. वही फार इमानी. प्रत्येक दिवस जसा दिला होता तसा परत करत होती. मामाचा हात कुठल्याच दिवशी नव्हता.

"रोजची प्रत बाहेर जाते ना, दुसऱ्या मशीनवर?" त्यांनी विचारलं.

"ती वहीचीच प्रत असते, बाई."

"स्कॅनरमध्ये?"

"शेवटचे दहा राहतात. काल-आजचे चौदा झालेत."

त्यानं पुसलेलं परत काढणारा प्रोग्राम लावला. तीन तास तो चालला. पण दुपारभर काढलेले ते तीन साचे डिस्कवर नेमके त्याच मोकळ्या झालेल्या जागेत जाऊन बसले होते. जावईबापूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तू विचारलंस. मी झाड म्हणाले."

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नाही. जिन्यात उभं राहून त्यांनी इस्पितळात फोन लावला, तपासणी विभागाला.

"बुधवारी एक हात आला असेल तुमच्याकडे. उजवा."

"कोण बोलतंय?"

"भाची बोलते. तो अजून आहे का? मला फक्त दहा मिनिटं हवीत. माप घ्यायचंय."

पलीकडच्या बाईनं नोंद बघितली. मग फार मऊ आवाजात म्हणाली, "ताई, तपासणीसाठी त्याचे भाग करावे लागतात. बाकीचं आज सकाळी जाळायला गेलं."

आज सकाळी. म्हणजे काल कळलं असतं तर. बाई जिन्यातच बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. खालून एक माणूस पुठ्ठ्याची खोकी घेऊन वर आला. त्याला वाट द्यायला त्या सरकल्या आणि पुन्हा रडल्या.

फोटो शोधले. मामा सगळ्या फोटोंत होता, हात कुठेच नव्हता. मशीनमागे नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे. मामीला आडून विचारलं, "मामी, मधलं बोट कुठल्या बाजूला वाकलं होतं गं?" मामीनं स्वतःचं बोट आधी इकडे वाकवलं, मग तिकडे. "अंगठ्याकडे... नाही गं, बाहेरच्या बाजूला," ती म्हणाली आणि घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला. पस्तीस वर्षं तिनं तो हात बघितला होता, आणि आता तिला आठवत नव्हतं. बाईंनाही आठवत नव्हतं. घट्टा आठवत होता, पण किती उंच? त्यांना सगळं आठवत होतं, फक्त माप आठवत नव्हतं.

उरला होता डावा हात. बाई स्कॅनर घेऊन वॉर्डात गेल्या. "जुळवून बघायला लागतो दुसरा," त्या मामाला म्हणाल्या. मामानं निमूट डावा हात पुढे केला. त्या दिवशी त्यांनी तो स्कॅन, भोकं तशीच असताना, घरी जायच्या आत वहीत घातला. मग तो आरशातल्यासारखा उलटा करून त्याचा उजवा केला. घट्टा अंदाजानं चढवला, पुन्हा उतरवला. बोट सरळच ठेवलं. चुकीच्या बाजूला वाकवण्यापेक्षा सरळ बरं.

सहा आठवड्यांनी हात तयार झाला. रंग इतका हुबेहूब की जावईबापूनं नकळत हस्तांदोलनाला हात पुढे केला. बाईंनी तो मऊ कापडात गुंडाळून पेटीत घातला आणि मामाच्या दुकानात नेला. 

मामानं तो कापायच्या टेबलावर ठेवला. शेजारी आपला डावा ठेवला. एकदा या हाताकडे बघितलं, एकदा त्या. फार वेळ लागला नाही. उभं आयुष्य त्यानं कापड दुमडून दोन बाह्या एकदम कापण्यात घालवलं होतं.

"डाव्यावरून कापलास," तो म्हणाला. "दुमडून."

बाईंना वाटलं होतं, आपण काहीतरी सांगू. तांत्रिक काहीतरी. तोंडातून निघालं एवढंच, "तुझा हरवला, मामा. माझ्या हातून. मीच पुसायला सांगितला."

रस्त्यावरून शाळा सुटल्याचा गलका येत होता. मामानं त्या गुळगुळीत अंगठ्यावरून आपला डावा अंगठा फिरवला, जिथे घट्टा असायचा तिथे दोनदा फिरवला.

"मग मी हो कशाला म्हटलं गं?"

जीव वाचला म्हणून, असं कुणीही म्हटलं असतं. बाईंना ते म्हणवेना.

"तुमची ती वही असते ना?" मामानं विचारलं. "जुनं सगळं परत देते म्हणतेस. तिच्यात का नाही घातलास?"

"कच्चा होता, मामा."

मामानं मान वर केली. स्टुलावर बसून शाईनं लिहिणारी आठ वर्षांची पोर त्यालाही दिसली असावी, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. त्यानं डाव्या हातानं पेटी जवळ ओढली, हात तिच्यात ठेवला आणि झाकण लावलं.

मग गळ्यातली टेप काढून त्यानं तिच्यापुढे धरली. त्याच्या शर्टाची उजवी बाही रिकामी होऊन पुढे लोंबत होती.

"ही बाही आखूड करायचीय," तो म्हणाला. "माप घे. आणि घेतलंस की लगेच लिही."

बाईंनी खांद्यापासून टेप लावली. साडेसोळा भरलं. टेप जरा तिरकी लागली होती. माप थोडं इकडेतिकडे झालं असेल. त्यांनी पुन्हा मोजलं नाही. वही उघडून शाईनं तसंच लिहिलं.