मेदान ते पेनांग, पाऊण तास

रोसमैदा मेदानच्या बाजारात सुकी मासळी विकायची. आवाज असा खणखणीत, की पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागं वळायचं. तिचा नवरा पारुलियान उभा जन्म मेदान ते तलावाकाठचं पारापात अशी बस चालवत आलेला. पण हृदयाची झडप बिघडली आणि चार पायऱ्या चढतानाही त्याला धाप लागू लागली. मेदानची माणसं अशा दुखण्यासाठी सामुद्रधुनीपलीकडच्या देशात, पेनांगला जातात. यांनाही तिथली शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

"अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही, बाबा," लेक टिउर म्हणाली. "विमानानं पाऊण तास."

"तेवढ्यात माझी बस मेदानच्या गर्दीतून बाहेरही पडत नाही," तो हसला, आणि हसता हसता खोकला.

त्या आठवड्यात रियाऊकडची रानं पेटली होती. विमान उडालं तेव्हा आभाळ मळकट होतं. पारुलियानच्या नाकाला प्राणवायूची नळी, पायाशी बाटली. पाऊण तास झाला, तरी विमान उतरेना. खिडकीबाहेर नुसता धूर. विमान घिरट्या घालत राहिलं.

मग वैमानिकाचा आवाज आला. पेनांगची धावपट्टी दिसत नाही, मेदानलाही परत उतरता येणार नाही, आता क्वालालंपूर. म्हणजे आणखी तेवढाच वेळ.

रोसमैदानं बाटलीवरचा काटा पाहिला. तिनं हवाईसुंदरीला हाक मारली.

"पोरी, हे संपत आलंय. दुसरी बाटली आण."

"मावशी, ती अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली असते."

"मग ही काय लग्नाची वरात चाललीय?" सगळं विमान वळून बघायला लागलं. "माणूस निळा पडतोय माझा!"

मुलगी धावतच गेली. बाटली आली, खाली रुग्णवाहिका तयार ठेवायचा निरोपही गेला. पण पारुलियानचे डोळे मिटू लागले होते.

"अहो, झोपायचं नाही!" तिनं त्याचा हात घट्ट धरला. मग ती त्याच्या बसच्या कंडक्टरसारखी वाटेवरचा एकेक थांबा ओरडू लागली, "चला, लुबुक पाकाम! लुबुक पाकामवाले उतरा! श्वास घ्या. आता तेबिंग तिंगी..."

त्याचे ओठ हलले. ती वाकली.

"पेरबाउंगान... राहिलं की," तो पुटपुटला. "तिथली माणसं... शिव्या देतील."

"देऊ देत! तुम्ही श्वास घ्या. पेरबाउंगान!"

सियांतार आलं, पारापात आलं, तलाव दिसला. तिनं बस वळवली आणि पुन्हा मेदानकडे काढली. पुढच्या रांगेतला एक चिनी म्हाताराही तिच्याबरोबर गावांची नावं घेऊ लागला. दुसऱ्यांदा सियांतार येत होतं तेव्हा चाकं जमिनीला टेकली.

क्वालालंपूरच्या अनोळखी डॉक्टरांनी त्याच दिवशी छाती उघडली. दुसऱ्या दिवशी पारुलियान शुद्धीवर आला आणि त्यानं कॉफी मागितली.

"कॉफी म्हणे! मेला असतात काल," ती खेकसली. मग व्हरांड्यात आली, भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली आणि तोंडात खांद्यावरच्या शालीचा बोळा कोंबून रडली. आवाज मात्र बाहेर फुटू दिला नाही.

पारुलियाननं पुन्हा बस चालवली नाही. तिच्या दुकानात बसून तो मासळीवरच्या माश्या वारतो आणि तिनं गिऱ्हाइकाला फार सूट दिली, की डोळे वटारतो.