ओली राख आणि बिनकार्बनची मोटार

मंडळी, आज सकाळी घात झाला.

परळीत आमच्या घरात रोज वीज केंद्रातल्या कोळशाची राख बसते. बायकोला दमा, म्हणून पोरानं व्हॅक्यूम क्लीनर पाठवला. झाडण्याआधी पाणी शिंपडायची आमची सवय. मी आजही शिंपडलं आणि मशीन फिरवलं. ते किंचाळून बंद पडलं.

मशीन घेऊन जळक्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्याकडे गेलो. म्हणालो, "मोटारीतले कार्बन झिजले असतील, बदलून दे."

"काका, हिच्यात कार्बनच न्हाई. इलेक्ट्रॉनिक बोर्डावर लई जोरात फिरते. ओली राख आत गेली, बोर्ड जळालं."

"मग बोर्ड भर की बे."

"ते माझ्यानं होत न्हाई."

घरी आलो, तर बायको नाकाला पदर बांधून झाडत होती. खोकला थांबत नव्हता.

तुमच्या गावात राख बसत नसेल तर सांगा. बायकोला तिथं ठेवायचंय.