बेटावरचा निळा वाडगा

काल ब्रिस्बेनला एका सहकाऱ्याकडे बार्बेक्यूला गेले, आणि दारातच कपाटावर तो निळा वाडगा दिसला. त्यात गाडीच्या किल्ल्या पडल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

गेल्या वर्षी ह्याच्याच शिडाच्या बोटीतून आम्ही काही जण जपानच्या बेटांवर फिरलो. एका लहानशा बेटावर, धक्क्याजवळ राहणाऱ्या आजींनी उकडलेली रताळी भरून हा वाडगा माझ्या हातात दिला. कोणी भरून दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे काय मला कोणी शिकवायला हवं? सकाळी निघण्याआधी मी बोटीवरच्या हलत्या शेगडीवर शिरा केला. मी दोर सोडत होते, म्हणून भरलेला वाडगा ह्याच्याकडे दिला. परत येऊन म्हणाला, "डन. आजी खूश."

आणि काल हाच माणूस पाहुण्यांना वाडगा दाखवत होता. "लोकल कल्चर, मेट. ही माणसं हातात येईल ते देऊन टाकतात."

मी सगळ्यांसमोर विचारलं, "आणि माझा शिरा?"

"घर बंद होतं. वाटेत मीच खाल्ला. मस्त होता," तो हसत म्हणाला.

मी किल्ल्या टेबलावर ओतल्या, वाडगा पर्समध्ये टाकला आणि निघाले. "इट्स जस्ट अ बोल," तो मागून म्हणाला.

असेल. पण आजींनी तो माझ्या हातात दिला होता. त्या बेटावर वाडगा लांबवणारी म्हणून मीच लक्षात राहिले असणार.