दोन ठोके म्हणजे आलं

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली छत्रीवाला म्हणते. नव्या माणसाला वाटतं, हे मोडक्या छत्र्या दुरुस्त करतात. मग त्याला आमच्या गच्चीकडे बोट दाखवावं लागायचं. तिथे आठ फुटांची जाळीची डिश आभाळाकडे तोंड करून उभी असायची. लहान पोरं तिला घाबरायची, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. वरच्या मजल्यावर ते आणि जाऊबाई, खाली मी आणि माझं शिलाई मशीन. माझा नवरा ट्रकवर असतो. महिन्यातले वीस दिवस तो घरात नसतो आणि उरलेले दहा दिवस झोपलेला असतो. त्यामुळे घर म्हणजे आम्ही तिघंच.

एके काळी भाऊजींचा रुबाब काय सांगावा! डिश बसवायची तर त्यांनीच. लोक पंधरा-पंधरा दिवस वाट बघायचे. मग ताटाएवढ्या छोट्या डिश आल्या, मग त्याही गेल्या आणि सगळं फोनवर आलं. ज्यांच्या गच्चीवर त्यांनी डिश बसवली होती, तेच लोक ती काढायला त्यांना बोलवू लागले. भाऊजी मुकाट जायचे. काढलेले रिसीव्हर घरी आणायचे आणि पलंगाखाली रचायचे. स्वतःच्या रिसीव्हरचा एखादा भाग गेला की त्यातला एक उघडायचे.

"मेलेल्यांची काळजं काढून जिवंताला लावतायत," जाऊबाई म्हणायच्या. "एक दिवस माझंही काढून त्यात बसवतील."

भाऊजींचा जीव एकाच उपग्रहावर होता. त्याला ते म्हातारा म्हणायचे. त्याच्यावरचे सगळे चॅनेल एकेक करून उठून गेले होते, एकच उरला होता. त्यात एक कोटवाला माणूस कुठल्यातरी समुद्राचं हवामान सांगायचा. भाषा कोणती ते देव जाणे. जाऊबाईंनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. का, तर रोज कोट घालून येतो, हसत नाही आणि काय बोलतो ते कुणाला कळत नाही. मूलबाळ नसलेल्या घरात फुकटचा जावई मिळाला म्हणून त्या खूश होत्या.

पण म्हाताऱ्याचं इंधन संपत आलं होतं. भाऊजींनी मला समजावलं होतं, की इंधन असतं तोवर उपग्रह एका जागी ठाम राहतो, ते संपत आलं की डुलायला लागतो. रोज दुपारी चारच्या सुमाराला तो झुकायचा आणि इथे जावयाच्या तोंडाचे चौकोन चौकोन व्हायचे. मग भाऊजी पाना घेऊन गच्चीवर जायचे आणि डिश केसभर हलवायचे. रोज.

आता गच्चीवरच्या माणसाला खाली चित्र आलं की गेलं ते कळणार कसं? ओरडून सांगावं तर शेजारी पत्र्याचं वर्कशॉप, दिवसभर नुसता खणखणाट. त्यावर या नवरा-बायकोची स्वतःची युक्ती होती. टीव्हीच्या कोपऱ्यात जाडजूड लोखंडी पाइप होता. तो स्लॅबमधून आरपार गच्चीवर जायचा आणि त्याच्याच डोक्यावर डिश बसवलेली होती. वायर खिडकीतून यायची, पाइप फक्त आधाराला. जाऊबाई खाली टीव्हीसमोर स्टुलावर बसायच्या आणि चमच्याने पाइपावर ठोके द्यायच्या. एक ठोका म्हणजे गेलं. दोन ठोके म्हणजे आलं. तीन ठोके म्हणजे पुरे झालं, खाली या. भाऊजी वर एका हातात पाना धरायचे आणि दुसरा तळवा पाइपावर ठेवायचे. कानाने ऐकायची गरजच नव्हती.

जाऊबाईंची एक खोड होती. त्यांना एकट्याने टीव्ही बघवायचा नाही. चार वाजले की जिन्यातून हाक यायची, "धाकटे, ये गं जरा. दोन मिनिटं बस नुसती."

"ब्लाउज द्यायचाय संध्याकाळी," मी खालूनच ओरडायचे.

"एकटीनं काय बघायचं? वेड्यासारखं वाटतं."

मी दहा हाकांतली एक मनावर घ्यायचे. तेव्हाही मी वर बसून धुसफुसतच वेळ काढायचे. मला वाटायचं, हवामान ते काय बघायचं, तेही परक्या समुद्राचं.

जाऊबाई गेल्या तेव्हा मी इथे नव्हते. माझी आई आजारी होती, तिच्याजवळ महिनाभर राहिले होते. निरोप आला, दोन दिवसांसाठी धावत आले, परत गेले. कायमची आले तेव्हा त्यांची खोली रंगवून झाली होती. भाऊजी पलंगावर बसून रिसीव्हर उघडत होते. मला बघून म्हणाले, "धाकटे, चार वाजत आले. बसशील का?"

नाही कसं म्हणणार? त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच मला रडू आलं होतं. मी खालून माझं लाकडी बसकं, बुटका पाटच तो, आणलं. जाऊबाईंच्या स्टुलावर बसायला मन होईना. ते स्टूल मधोमध तसंच राहिलं, मी कडेला बसले. चमच्याने नीट वाजेना म्हणून छोटा पाना घेतला. चित्र फुटलं. मी एक ठोका दिला. थोड्या वेळाने जावई धड झाला, मी दोन ठोके दिले. भाऊजी खाली आले, चेहरा जरा उजळला होता. मी मनात म्हटलं, चला, माणूस सावरेल.

असं अडीच वर्षं चाललं. एकही दिवस खंड नाही. मी रोज कुरकुरायचे, तोंडाचा पट्टा सोडायचे, आणि रोज जाऊन बसायचे.

मधेमधे काही गोष्टी खटकायच्या. एकदा भाऊजी खाली आले आणि म्हणाले, "आज किती हळू वाजलं." मी तर रागारागात असा दणका दिला होता की पाइपाचा रंग उडाला होता. दुसऱ्यांदा तर मी भिंतीला टेकून चक्क झोपले होते. जाग आली तेव्हा पाना माझ्या मांडीवर होता, जावई स्वच्छ दिसत होता आणि भाऊजी दारात उभे होते.

"झालं ना? दोन ठोके आले म्हणून आलो," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. झोपेत वाजवले असतील, असं स्वतःला समजावलं. शिलाईवाल्या बाईचे हात झोपेतही चालतात. पण त्या दिवशी खाली येताना मी जिन्यात एकदा मागे वळून बघितलं. स्टूल होतं तिथेच होतं.

खरी काळजी वेगळीच होती. भाऊजींना चक्कर यायला लागली होती. डिश कठड्याला लागून होती आणि कठडा गुडघ्याएवढा. एकदा ते तिथेच खाली बसले आणि वर्कशॉपमधल्या माणसांनी त्यांना धरून खाली आणलं. डॉक्टरांनी गच्ची बंद केली, तरी भाऊजी जायचेच. नवऱ्याने घरी आल्यावर निर्वाणीचं सांगितलं, "दादा, ती डिश मी काढून टाकतो."

"म्हाताऱ्याला बंद करणार आहेत," भाऊजी म्हणाले. "तारीख लागलीय. तेवढी होऊ दे. मग काढ."

"आणि त्या दिवशी वरून पडलात तर?"

भाऊजी पाना पुसत राहिले. मला त्याचीच भीती वाटली. ती तारीख येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. जे रोज वर जायचं निमित्त होतं तेच संपल्यावर हा माणूस त्या कठड्यावरून कुठल्या बाजूला उतरेल, याची मला खात्री नव्हती. हे मी नवऱ्यालाही बोलले नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं वाटायचं.

तो दिवस आला. नवरा ट्रकवर. चारला पाच मिनिटं असताना भाऊजींनी धुतलेला शर्ट घातला आणि पाना घेतला.

"भाऊजी, आज नाही गेलात तर नाही का चालणार? आपोआपच बंद होणार आहे."

"शेवटपर्यंत धरायला नको का त्याला?" असं म्हणून ते गेले.

मी बसले. जावई आला, नेहमीसारखा कोटात. फुटला. मी एक ठोका दिला. परत जुळला, मी दोन दिले. जावई बोलत होता, आणि वाक्याच्या मधेच थांबला. तोंड उघडं, हात वर, तसाच. मग पडदा निळा झाला.

मी एक ठोका दिला. गेलं. खिडकीतून वर्कशॉपच्या भिंतीवर भाऊजींची सावली हलताना दिसली. पुन्हा एक दिला. पडदा निळाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सावली कठड्याच्या बाजूला गेली आणि थांबली.

मी तीन ठोके दिले. खाली या. थांबले. काहीच नाही. पुन्हा तीन. पुन्हा तीन. माझा हात भरून आला, पाना घामाने निसटायला लागला. मी ओरडले, पण वर्कशॉपचा खणखणाट चालू होता. जिन्याकडे धावावं म्हणून मी पाना खाली ठेवला, आणि माझे पायच उचलेनात. खोलीत एकदम गार वाटलं, फ्रिजचं दार उघडल्यासारखं. मी मुकाट्याने हात मांडीवर ठेवून बसून राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

मग जिन्यात चपला वाजल्या. भाऊजी दारात आले. शर्टाला गंज लागला होता.

मी रडत रडतच त्यांच्यावर खेकसले, "कान फुटले का तुमचे? अर्धा तास बडवतेय मी!"

"आत्ता तर तीन ठोके आले," ते शांतपणे म्हणाले. "वाजले तसा आलो." आणि टीव्ही बंद करून हात धुवायला गेले.

रविवारी नवरा आला. वर्कशॉपमधले दोघं घेऊन त्याने डिश उतरवली, तिचे तुकडे गाडीत टाकले. मग तो खोलीत आला. "हा पाइपही काढतो, वरच्या टोकापर्यंत निघेल." त्याने दोन्ही हातांनी धरून जोर लावला आणि मागच्या मागे पडता पडता वाचला. पाइप हलकाच निघून आला. वरचं टोक सरळ कापलेलं होतं, आतून जुना गंज. छताला भोक नव्हतं. तिथे सपाट गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग.

नवरा म्हणाला, "अरे, हा कधी कापला? म्हणजे नुसता छताला टेकवलेला होता?" आणि पाइप भिंतीशी आडवा टाकून तो चहा मागायला खाली गेला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी मात्र छताकडे बघत राहिले. भाऊजी पलंगावर बसले होते.

"भाऊजी, हा कधी कापला?"

"ती गेली त्याच आठवड्यात. तू आईकडे होतीस. पाइपाच्या कडेनं छत गळायला लागलं होतं, तेव्हा गवंडी म्हणाला, भोक बुजवून टाकू. वर उरलेल्या तुकड्याभोवती डिशला वेगळा चौथरा केला."

"मग खालून वर आवाज जातच नव्हता?"

"कसा जाईल? मधे स्लॅब आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशी विसरलो होतो. सवयीनं तुला बसवलं, सवयीनं हात ठेवला. दोन ठोके आले तेव्हा नट आवळला. जिना उतरताना आठवलं." त्यांनी तळवा उघडून बघितला. "तुझा एकही ठोका मला कधी आला नाही, धाकटे. एकही नाही."

अडीच वर्षं मी तो पाइप बडवत होते. शेवटी मला रागच आला, भीती वाटली की मला आधी रागच येतो.

"मग मला कशाला बसवत होता रोज? माझी कामं टाकून मी इथे येत होते!"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग मधोमध ठेवलेल्या स्टुलाकडे बघितलं.

"अगं, ती एकटी कुठे बघायची टीव्ही?"

खाली नवरा चहासाठी हाका मारत होता. मी आडवा पडलेला पाइप उचलला आणि होता तिथे, त्याच कोपऱ्यात, परत उभा केला. मग माझं बसकं ओढलं आणि स्टुलाला खेटून बसले. चार वाजायला अजून वेळ होता.