रिले-रूममधली मराठी

उल्हास काळसेकरांना सलग वीस मिनिटं खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते एका जेवणात तीनदा उठतात. एकदा मिठासाठी, एकदा बॉयलरचा आवाज ऐकायला आणि एकदा का, ते त्यांनाच सांगता येत नाही. "विमानात नऊ तास हे काय करतात, ते त्या एअर होस्टेसला विचारा," असं यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगतात.

लंडनच्या एजवेअर भागातल्या त्यांच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर १९३४ सालचं एक सिनेमागृह आहे. त्या काळी लोक तिथे आठवड्यातून दोनदा यायचे. दोन चित्रपटांच्या मधल्या वेळात पडद्यापुढच्या खड्ड्यातून एक प्रचंड ऑर्गन, वाजवणाऱ्यासकट, लिफ्टने वर यायचा. बासरी, ट्रम्पेट, ड्रम, आगगाडीची शिट्टी, सगळं त्याच्या पोटात. पुढे तिथे बिंगो आला, मग कार्पेटचं गोदाम झालं, आता कम्युनिटी हॉल आहे. ऑर्गन मात्र टिकला. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो वाजतो, आणि तो वाजता ठेवणारे सात-आठ निवृत्त स्वयंसेवक आहेत.

उल्हासराव १९७६ साली नागपूरहून आले आणि पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर यमुनाबाईंनी त्यांना या हॉलमध्ये चहाला नेलं. कार्यक्रम सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला ते उठले आणि मागच्या बाजूला गेले. एका शिडीने वर गेल्यावर, माळ्यासारख्या खोलीत, त्यांना कपाटभर रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारे स्विच, दिसले. ऑर्गनची पट्टी दाबली की वीज या कपाटात येते, इथला एक कॉन्टॅक्ट जुळतो आणि योग्य त्या पाइपला हवा मिळते. "ही तर आपली जुनी एक्स्चेंज," असं म्हणत ते खाली आले, तेव्हा त्यांच्या कोटाला कोळिष्टकं लागलेली होती.

त्यानंतर बारा वर्षं त्या शिडीवर मुख्यतः तेच चढले. कपाटावरच्या जुन्या खुणा पुसल्या होत्या, म्हणून त्यांनी प्रत्येक कॉन्टॅक्टखाली पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. हात भराभर चालावा म्हणून मराठीत. जे कॉन्टॅक्ट सारखे बिघडत त्यांना टोपणनावं मिळाली: रडका, हट्टी, जावईबापू. स्वयंसेवकांचा प्रमुख माल्कम हसायचा. "उल्हास, तू गेलास की आम्ही काय करायचं?" उल्हासराव म्हणायचे, "मी कुठे जातोय?"

गेल्या मार्चमध्ये शिडीवर त्यांना चक्कर आली. चौथ्या पायरीवरून खाली पडले, मनगट मोडलं. माल्कमने रिले-रूमची चावी काढून घेतली आणि त्यांच्याकडून हे काम शिकणाऱ्या त्यांच्या नातीला, मायराला, दिली. मायरा वीस वर्षांची, इथेच जन्मलेली, इलेक्ट्रॉनिक्स शिकते. उल्हासराव तिच्यावर चिडले नाहीत, पण दर कार्यक्रमाला शिडीच्या पायथ्याशी येरझारा घालू लागले.

जूनमधल्या रविवारी अडीचचा कार्यक्रम होता. दोन वाजता ऑर्गनची हवा सुरू केली आणि एक बारीक, कर्कश सूर आपोआप वाजू लागला. थांबेचना.

उल्हासराव पहिल्या रांगेतून उठले. शेजारी डोरीन बसली होती, पंच्याण्णव वर्षांची, दर कार्यक्रमाला येणारी. ती म्हणाली, "बस रे. युद्धात बॉम्बहल्ल्याचा सायरन वाजायचा तेव्हासुद्धा आम्ही बसून राहायचो."

"इथेच?"

"इथेच. मी अकरा वर्षांची होते. पडद्यावर सूचना यायची, ज्यांना जायचंय त्यांनी शांतपणे जावं, खेळ चालू राहील. कोणी फारसं जात नसे. सिनेमा संपला तरी धोका टळेपर्यंत ऑर्गनवाला वाजवत राहायचा आणि अख्खं थिएटर गायचं. एकदा चार तास. वाजवून थकला की दुसरा बसायचा."

उल्हासराव अर्धवटच ऐकत होते. ते मागे पोचले तेव्हा मायरा शिडीवरून उतरत होती.

"आजोबा, कॉन्टॅक्ट चिकटला आहे, पण कोणता? सगळं तुमचं लिहिलेलं. मला मराठी वाचायला नाही येत."

"बाजूला हो, मी जातो. पाच मिनिटं," उल्हासराव म्हणाले.

माल्कम शिडीला पाठ लावून उभा राहिला. "नाही, उल्हास. मी तो पाइपच उपटून काढतो. एक सूर नसला तर नसला."

"बारा वर्षांत एकही पाइप उपटलेला नाही."

यमुनाबाई तोवर मागे आल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "अहो, सुरुवातीला घाईत लिहिलंत, मान्य. नंतर? मायराला शिकवायला घेतलं तेव्हा का नाही बदललंत?"

उल्हासरावांनी शिडीपुढे दोन येरझारा घातल्या. तो सूर वाजतच होता.

"बदललं असतं," ते शेवटी म्हणाले, "तर मला वर कशाला बोलावलं असतं कोणी?"

माल्कमला मराठी कळली नाही, पण तो शिडीपासून हललाही नाही. उल्हासरावांनी डोळे मिटले. कान त्या सुराकडे लावला आणि हवेत बोटांनी मोजू लागले.

"मायरा, वर जा. कपाटाच्या डाव्या कप्प्यात वरून तिसरी ओळ. उजवीकडून सातवा. लाकडी काडीने हलकेच उचल. बोट लावू नकोस."

मायरा चढली. सूर थांबला.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. उल्हासराव पहिल्या रांगेत गेले नाहीत. पाठीमागे, भिंतीच्या पलीकडून गाणं येत असताना, त्यांनी माल्कमकडे काळा मार्कर आणि कोरी चिकटपट्टी मागितली. एका पुठ्ठ्यावर पट्टीचे तुकडे लावून ते त्यांवर आठवून आठवून इंग्रजीत नावं लिहू लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. दर दोन ओळींनी उठत, दोन पावलं टाकत, परत बसत.

"सगळं लिहिलं की मी चिकटवते," मायरा म्हणाली. "आज नाही, उद्या. कॉलेज नाही आहे."

"उद्या सकाळी नऊला. मी खालून सांगीन."

"आजोबा, नावं ओळीनेच आहेत, वाचून चिकटवेन मी. सांगायला लागणार नाही."

उल्हासरावांचा हात थांबला. त्यांनी शिडीकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. चौथी ओळ लिहायला घेतली आणि अर्ध्यावर पुन्हा उठले.