धुऱ्यावर बसलेली बाई

यंदा आमच्या धानाच्या बांधीत रोवणीले सालेकश्याकडची एक बाई आली होती. नाव मी इचारलं नाही. वाकली का तिचा एक हात कमरेवर जाये. रोवताना साऱ्या बाया रांगेनं मागं सरकतात, अन् जी रांग सोडते तिची टर उडते. ही बाई मधातच उठली, बांधीच्या कडेले धुऱ्यावर बसली, घोट घोट पाणी पिली.

"काऊन वो राणी, थकली?" रांगेतली म्हातारी बोलली.

"दुसरा महिना हाये, बाई. पोटात कळ येऊन राहिली. रक्त दिसलं तं दवाखान्यात जाईन, नाही तं कळ थांबेवरी बसून राहीन. लाज कायले?"

आमच्याकडे तिसरा महिना सरल्याबिगर कोणी असं बोलत नाही. माझी बायको उन्हाळ्यात गेली. ती कळ आली का पदर दातात धरून रोवणी करतच राहे. दोनदा गर्भ पडून पोट खाली झालं, शेजारणीलेबी कळलं नाही.

 मंग म्हातारीनं अन् बाजूच्या बाईनं धुऱ्यावरच्या बाईची जागा वाटून घेतली. "बस आरामानं," म्हणाली, "रांग आमी सांभाळतो."

बाई परकी, पण छाती माझी फुगली. बायको असती तं तीबी जाऊन धुऱ्यावर बसली असती, तिच्या बाजूले.