जर्मनांना न जमलेली घूस आम्ही नगरात चालवली

चहा आधी संपवा मंडळी, मग ऐका. आमच्या साडूंनी घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकला होता, तो चहा त्यांच्या नाकातून आला आणि बोल मात्र मला लागला. तेव्हा आधी कप खाली ठेवा. ठेवला? हां. आता मी माझी फजिती सांगतो. पण सांगतो अभिमानानं, हे आधीच बजावून ठेवतो!

मी हार्डवेअरवाला. नगरच्या बाजारपेठेत वडिलांपासूनचं दुकान. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडाला वळण नगरचंच. शिक्षण नववी, तेही मास्तरांच्या कृपेनं. पण एका विषयात माझ्यासमोर उभं राहून दाखवा. रणगाडे! आणि तेही लढाईत लढलेले नव्हेत हो. ते संग्रहालयात जाऊन कोणीही बघतं. आपला विषय म्हणजे न बांधलेले रणगाडे. कागदावर राहिलेले, चाचणीत फसलेले, डोक्यात आले आणि डोक्यातच मेलेले.

हे वेड लागलं कसं? खिळे बांधायला रद्दी घेतली होती. त्यात एक इंग्रजी मासिक निघालं, आत पंख लावलेला रणगाडा! मी म्हटलं, छापणाऱ्याला चढलीय. पण नाही. रशियानं खरंच तसा एक बनवला होता. त्या दिवशी गिऱ्हाइकाला खिळे मी सुट्टेच दिले आणि कागद ठेवून घेतला. पुढं डिक्शनरी घेतली, मोबाईल आला, आणि आपण कधी मागं वळून पाहिलं नाही.

झारच्या काळात रशियानं घराएवढ्या दोन चाकांचं धूड केलं होतं, माहीत आहे? पुढची चाकं झकास, मागचं बारकं चाक मऊ मातीत रुतलं. निघालंच नाही. वर्षानुवर्षं तिथंच उभं, शेवटी भंगारात. अमेरिकेनं अणुभट्टीवर चालणारा रणगाडा कागदावर काढला. आणि जर्मन? त्यांनी तर कहर केला. पावणेदोनशे टनांच्या पुढचा रणगाडा केला आणि नाव ठेवलं, ऐका बरं का, ‘उंदीर’! पूल त्याचं वजन पेलेना, म्हणून तो नदीच्या तळातून चालवायचा बेत. दोनच झाले बिचारे. तरी हौस फिटेना, म्हणून हजार टनांचा बेत आखला. उसानं भरलेल्या शंभरएक ट्रॉल्या एकत्र वितळवा आणि त्यावर जहाजाच्या तोफा बसवा, तसला. त्याचं नाव ‘घूस’. तो काही झाला नाही. जाणार कुठून? रस्ते फुटले असते, पूल मोडले असते.

मी मंडळाच्या पोरांना नेहमी सांगायचो, “अरे, या सगळ्यांची चूक एकच. यंत्र बनवलं, रस्ता मोजला नाही!”

तर गेल्या गणपतीत आमच्या मंडळाला विसर्जन मिरवणुकीत चौथा नंबर मिळाला. तुम्ही नगरचे नसाल तर याची किंमत कळायची नाही. आमचं मंडळ कायम शेपटाला. आमचा बाप्पा चौकात पोचेपर्यंत बघणारे घरी जाऊन जेवून झोपलेले असायचे. आणि यंदा चौथा! पण अट कडक. चौकात नाव पुकारलं आणि मंडळ हजर नसलं, तर मागचा पुढं जातो आणि तुम्ही पुन्हा शेपटाला.

बैठकीत मी उठलो. “देखावा मी ठरवतो. घूस!”

“घूस?” समोरच्या दुकानाचे पोपटशेठ म्हणाले. तेही हार्डवेअरवालेच. गिऱ्हाईक माझ्या पायरीवर असताना तिकडून चहाला हाक मारून पळवणारा माणूस. “गणपतीपुढं घूस नाचवणार?”

“पोपटशेठ, उंदीर कुणाचं वाहन?”

“बाप्पाचं.”

“मग जर्मनांनी उंदीर केला, घूस अर्धी टाकली. बाप्पाचं राहिलेलं काम पुरं कोण करणार? नगर! जगात कुणी न बांधलेला रणगाडा आपल्या गल्लीतून निघणार!”

टाळ्या! पोपटशेठनं पण वाजवल्या, जरा उशिरा.

कामाला लागलो. सायमन म्हणून आमचा जुना वेल्डर, हाताला सोनं. त्यानं सांगाडा उभा केला, वर पत्रा, वर राखी रंग. कोपरगावचा दगडू, ऊस कारखान्याला नेणारा ट्रॅक्टरवाला. गळीत सुरू व्हायला अजून अवकाश, म्हणून मोकळाच. त्याचा ट्रॅक्टर पोटात घेतला. दगडू आत बसणार, समोर बघायला एक फट. मला घुमटावर खुर्ची, हातात माईक. काय दिसत होता हो तो! संग्रहालयातले खरे रणगाडे पाहिलेला एक निवृत्त फौजी थांबला, सलाम ठोकून गेला. माझी छाती तेव्हा फुगली ती अजून उतरलेली नाही.

आणि रस्ता? मी काय जर्मन आहे? सायमनला टेप दिला आणि गल्लीचं इंच न इंच माप घेतलं. मी आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून हुकूम सोडत होतो.

“ए सराफवाले, पत्रा आत घ्या!”

“शेठ, तो वडिलांपासून तिथंच आहे.”

“मग वडिलांपासूनच चुकलंय!”

बांगडीवाल्याची फळी आत गेली. पानवाल्याची टपरी भिंतीला चिकटली. पोपटशेठनं सुद्धा बादल्यांची उतरंड निमूट आत नेली. गल्ली अशी मोकळी झाली की माझं मलाच भरून आलं.

विसर्जनाचा दिवस. ढोल-ताशा घुमतोय, फुलं उडतायत. पुढं घूस, मागं सजवलेल्या गाडीवर बाप्पा. मी फेटा बांधून घुमटावर चढलो. आणि आता इथं नीट लक्ष द्या. मी तोंड कुठं करून बसलो? मागं! बाप्पा मागं असताना त्याच्याकडं पाठ करून बसायचं का? आपल्यात ते चालतं का? तोफ पुढं, शेठ मागं. दोन्ही हात बाप्पाला जोडलेले, माईक काखेत.

गल्लीच्या मध्यावर आलो आणि घूस हिसका देऊन थांबली. तेवढ्यात चौकातून लाऊडस्पीकरवर तिसऱ्या मंडळाचं नाव आलं. म्हणजे पुढचं आमचं! मोबाईल वाजला. आतून दगडू.

“शेट, फुडं न्हाई जात.”

“का?”

“डाव्या अंगाला वटा हाय. लई भायेर आलाय. पत्रा अडाकला.”

“मागं घे!”

“मागं बाप्पा हायेत न्हवं! कसं घिऊ?”

मी डावीकडं पाहिलं. डावीकडं कोण? पोपटशेठ! आपल्या दारात हात जोडून उभे. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, बादल्या आत घेतल्यास आणि ओटा ठेवलास होय! घुमटावरून त्यांची पायरी काही दिसेना, पत्र्याची कड आडवी, त्यावर झेंडूच्या माळा. पण मला बघायची गरज काय? मी गल्ली मोजलेला माणूस!

माईक तोंडाशी धरला. “मंडळी! बाप्पाची वाट एका ओट्यानं अडवली आहे! ज्यानं हा ओटा रस्त्यात आणून बांधला, त्याला मी विचारतो, रस्ता काय त्याच्या बापाचा आहे का?”

“नाहीऽऽ!” गर्दी गरजली.

“मग फोडा! आत्ताच्या आत्ता फोडा! खर्च माझ्याकडं!”

क्षणभर ढोल थांबले. सगळे माझ्याकडं टकामका बघायला लागले. मग पोपटशेठ म्हणाले, आणि काय प्रेमानं म्हणाले, “शेठ, नक्की ना?”

“नक्की! मन मोठं करा पोपटशेठ!”

“करतो ना!” ते दुकानात धावले आणि कोरा करकरीत घण घेऊन बाहेर आले. स्वतःच्या दुकानातला, दांड्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. “घ्या रे पोरांनो, माझ्याकडून!”

मंडळी, माझे डोळे पाणावले. उभ्या जन्माचा वैरी, आणि आपला ओटा फोडायला आपलाच घण देतोय! मी माईकवर म्हटलं, “पोपटशेठसारखी माणसं आहेत म्हणून ही पेठ आहे!” दणादण घाव पडले. आवाज माझ्या उजवीकडून येतोय असं वाटलं, पण ढोलात काय कळतंय? धूळ उडाली, दगडू ओरडला, “सुटलं वं शेट!” आणि घूस पुढं सरकली.

घूस पुढं सरकली म्हणजे, मी मागं तोंड करून बसलेला, माझ्या पुढं गल्ली उलगडायला लागली. डावीकडं पोपटशेठचं दुकान. पायरी जशीच्या तशी, वर पोपटशेठ नमस्कार करतायत. आणि उजवीकडं...

उजवीकडं माझ्या नावाची पाटी. पाटीखाली माझं शटर. शटरखाली काहीच नाही. नुसती विटांची रास.

अहो, दगडूचं डावं म्हणजे माझं उजवं! आणि ज्याच्या ‘बापाचा’ उद्धार मी सगळ्या पेठेसमोर केला, तो ओटा खरंच माझ्या बापानं बांधला होता! हातभर पुढं, हे आज कबूल करतो. मोजला कसा नाही म्हणता? माप घेताना मी त्याच्यावरच तर उभा होतो! मालकाला खाली उतर म्हणायची सायमनची काय छाती?

मी “अरे थांबाऽ” म्हणायला तोंड उघडलं. पण माईक चालू होता आणि गर्दी माझ्याआधी माझ्याच नावानं ओरडली, “भाऊशेठ कीऽ जय!” सायमन गहिवरून म्हणाला, “शेठ, बाप्पासाठी स्वतःचा ओटा! आम्हाला वाटलं चेष्टा करताय.” आता बोला. काय करणार? मी हात उंचावला. आणि म्हटलं, “त्यात काय एवढं!”

चौकात पोचलो आणि त्याच क्षणी आमचं नाव पुकारलं. चौथ्याला चौथे! शाल, श्रीफळ, हार, आणि माईकवर घोषणा: “सार्वजनिक रस्त्यासाठी पदरचा ओटा पाडणारे आदर्श व्यापारी!” हार घातला पोपटशेठनं. घालताना कानात पुटपुटले, “मन फार मोठं हो तुमचं.”

घरी मंगल, आमची सौभाग्यवती, दारातच उभी. ती गच्चीवरून सगळं बघत होती. “अहो, मामंजींबद्दल माईकवर असं बोलतात का?” एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. पदर हलत होता, तो बराच वेळ हलत होता.

आता ओटा पुन्हा बांधावा म्हटलं, तर आदर्श व्यापारी बांधणार कसा? शाल तर दुकानात फ्रेम करून लावलीय! त्यामुळं गिऱ्हाईक आलं की मी वरून लोखंडी शिडी खाली सोडतो, ते चढून येतं, खिळे घेऊन उतरतं.

परवा कोल्हारहून एक पाहुणे आले. खाली उभं राहून वर बघत म्हणाले, “शेठ, दुकान एवढं उंचावर का हो बांधलं?”

मी घूस, जर्मनी, चौथा नंबर असं सगळं पहिल्यापासून सांगायला घसा खाकरला. पण समोरून पोपटशेठच ओरडले, “पाहुणे, खालची जागा त्यांनी रणगाडा लावायला सोडलीय! तुम्ही इकडं या, आमच्याकडं पायरी आहे!”

आणि पाहुणे गेले हो! मी शिडी धरून उभाच.